डावं अभिनवचं, उजवं बाळाचं

महापालिकेच्या दवाखान्यातल्या काट्यावर सोळा दिवसांची पोर उघडी पडली होती आणि काट्याचे लाल आकडे काही केल्या थांबत नव्हते. ती रडत होती, पण रडण्यात जोर नव्हता. तोंड मोठं उघडायचं, कपाळावर आठ्या पडायच्या आणि आवाज घशातच राहायचा. प्रियदर्शनी आकड्यांकडे टक लावून उभी होती. शेवटी ते थांबले. दोन किलो चारशे दहा. जन्मली तेव्हा पोर दोन किलो सातशे होती.

"घटलंय," वासंती सिस्टर म्हणाल्या. "काटा बरोबर आहे. कालच तपासून गेलेत, तेव्हा त्याला दोष देऊ नका."

वासंती सिस्टर शनिवार पेठेतल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, रोज स्कूटरवरून धायरीला येणार, आणि आपण गोड बोललो तर पगार कापतील अशी त्यांची समजूत असावी. डॉक्टरीणबाईंनी पोरीला उलटसुलट करून तपासलं. कावीळ नाही, ताप नाही, दुसरं काही दुखणं नाही. मग त्यांनी कार्डावर तारीख घातली.

"आज मंगळवार. शनिवारी परत आणा. तोवर वजन वाढायला लागलं नाही, तर दाखल करून घ्यावं लागेल. दूध पाजता ना पोटभर?"

"दिवसभर पाजते," उत्तर सासूबाईंनी, गोदाबाईंनी दिलं. "काईच कमी नाई करत."

प्रियदर्शनीने मान हलवली. खोटं नव्हतंच ते. दिवसभर ती दुसरं करत काय होती?

गोदाबाईंनी आपला निकाल रिक्षात बसल्यावर दिला. त्यांच्या मांडीवर अभिनव होता, प्रियदर्शनीचा थोरला, बावीस महिन्यांचा. तो आईच्या पदराकडे झेपावत होता आणि आजी त्याला दोन्ही हातांनी मागे ओढत होती. "याच्यापायी होऊन राह्यलं हे समदं. हा पिऊन घेते, तिच्या वाट्याले काय उरन? शनवारी वजन वाढलं नाई, तर आइतवारच्या गाडीनं मी याले दिग्रसले घेऊन जातो. दोन-तीन महिने राहीन. आपोआप तुटन दूध. दिग्विजयले शिटा पाहाले सांगतलं मी."

अभिनव जन्मल्यापासून एक दिवसही तिला सोडून राहिला नव्हता. दिग्रस म्हणजे सासूबाईंचं गाव, रात्रभराचा प्रवास. तो पहाटे उठणार, शेजारी हात फिरवणार, आणि शेजारी ती नसणार. पुढे काय, याचा विचार तिने करायचं नाकारलं. समोर वीट-वाळूचा ट्रक रखडत चालला होता, त्याच्या मागच्या पाटीवरची अक्षरं ती घर येईपर्यंत वाचत राहिली.

ती मूळची पुसदची. बी.ए. झाली, दिग्विजयशी लग्न झालं आणि धायरीतल्या दोन खोल्यांत येऊन पडली. दिग्विजय नऱ्ह्यातल्या एका कारखान्यात मशीनवर. तिनेही घरात बसून दिवस काढले नाहीत. एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागली. नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, याचं रक्त त्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. तीन वर्षांत तिची एक चूक झाली नाही. लॅबवाले म्हणायचे, प्रियदर्शनीने चिठ्ठी लावली की देवानेसुद्धा तपासायची गरज नाही. या नीटनेटकेपणानेच पुढे तिचा घात केला, ते सांगते.

अभिनव वर्षाचा झाला, सव्वा वर्षाचा झाला, तरी त्याचं अंगावरचं दूध सुटलं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हाही सुटलं नाही. पाचव्या महिन्यात दूध आटल्यासारखं झालं, पण पठ्ठ्या चिकाटीने चोखत राहिला. बाकी खाणं म्हणजे वरणभाताचे दोन घास, तेही टीव्हीतल्या हत्तीच्या साक्षीने. बाळ घरी आलं तेव्हा त्याने एकदाच त्या गाठोड्याकडे पाहिलं आणि आपली मागणी दुप्पट केली.

सहाव्या दिवशी गोदाबाईंनी ते पाहिलं. अभिनव उजवीकडे पिऊन उठला आणि प्रियदर्शनीने बाळाला त्याच बाजूला धरलं. गोदाबाईंच्या हातातली मेथीच्या लाडवांची ताटली तशीच राहिली. "काऊन व, लेकराले उष्टं पाजतं? मोठ्याचं उष्टं लहान्याच्या अंगाले लागत नाई."

बाई वाईट नव्हती. पहाटे उठून बाळ-बाळंतिणीची अंघोळ, शेक, धुरी, हळिवाची खीर, सगळं एकटीने करायची. प्रियदर्शनीची आई असती तर याहून जास्त केलं नसतं. पण उष्ट्याचं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्याच दिवशी त्यांनी वाटणी करून टाकली. उजवं बाळाचं, डावं अभिनवचं. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही.

आणि प्रियदर्शनीला ते पटलं! लॅबमधल्या बाईला आणखी काय हवं? दोन लेकरं, दोन बाजू, गोंधळाला जागा नाही. दहा दिवस तिने ती वाटणी अशी पाळली की एकदाही चूक झाली नाही.

अभिनवच्या तोंडात सोळा दात आणि गालांत जोर. तो ओढायचा तसं डावीकडे दूध भरून यायचं. बाळ मुळात अशक्त. उजवीकडे चार घोट ओढायचं, दमायचं आणि झोपून जायचं. ओढणारं कोणी नाही म्हणून उजवीकडे येणारं कमी झालं, कमी आलं म्हणून बाळ आणखी अशक्त. सगळं डोळ्यांसमोर चाललेलं, आणि घरातल्या तीन शहाण्या माणसांतल्या एकालाही ते दिसलं नाही.

बुधवारी सकाळी गोदाबाईंनी खालच्या मजल्यावरच्या कुंडीतलं कोरफडीचं पान मोडून आणलं. त्याचा कडू, बुळबुळीत गर बोटावर घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "लाव. डाव्या अंगाले. याच्यानं दिग्विजयचंबी तुटलं होतं."

प्रियदर्शनीने लावला. दुसरं काय करणार होती? शनिवारपर्यंत वजन वाढलं नाही तर पोर दाखल होणार आणि पोरगा दिग्रसला जाणार. कडू लावून दोन्ही टळत असेल तर कडू लावू, असा तिने हिशेब केला. अभिनव आला, नेहमीसारखा मांडीवर चढला, तोंड लावलं आणि ताडकन मागे झाला. त्याने तो हिरवट चिकटा पाहिला. बोटाने हळूच शिवून पाहिलं.

"बाऊ?" त्याने विचारलं.

गोदाबाईच म्हणाल्या, "हो रे राजा, आईले बाऊ झाला. आता नाई प्याचं."

त्यावर तो रडेल, आदळआपट करील, अशी दोघींची तयारी होती. तो रडला नाही. त्याने तोंड पुढे आणलं आणि फुंकर घातली. एकदा, दोनदा, गाल फुगवून तिसऱ्यांदा. आपण पडल्यावर आई घालते तशी. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, बरं वाटलं का म्हणून. प्रियदर्शनीने पोराला छातीशी घट्ट धरलं आणि ती हमसून हमसून रडली. सासूबाईंनी बाळाची धुरी करायला म्हणून तोंड फिरवलं.

बुधवारभर तो तासातासाला येऊन फुंकर घालून गेला. गुरुवारी सकाळपर्यंत मात्र त्याचा धीर संपला. भुकेने आणि रागाने तो पिसाळला, ताट उलथलं, बाळाच्या अंगावरचं दुपटं ओढलं आणि बाळाचा हात चावला. प्रियदर्शनीने त्याच्या गालावर चापट मारली. आयुष्यात पहिली. गालावर तिची तीन बोटं उमटली आणि तो एवढा चकित झाला की रडायचंच विसरला. तो चकित चेहरा पाहून तिला वाटलं, आपण आई व्हायच्या लायकीच्याच नव्हतो. एक उपाशी, दुसरा मार खाऊन बसलेला. दोघांना जन्म द्यायला कोणी सांगितलं होतं? गोदाबाई त्याला उचलून खाली सोसायटीच्या बागेत घेऊन गेल्या.

घरात ती आणि बाळ राहिली. डावी बाजू दगडासारखी कडक झाली होती, काखेपर्यंत ठणका, अंगात कणकण. दुधाने ब्लाउज भिजून कमरेपर्यंत ओघळ आले होते. ती मोरीत गेली, भिंतीला डोकं टेकलं आणि दात-ओठ खाऊन डावीकडचं दूध पिळून टाकू लागली. अभिनवचं दूध. तो पिणार नाही, म्हणून फरशीवर. बाहेर खाटेवर उजवीकडच्या चार थेंबांसाठी पोर कण्हत होती. पाण्याचा तांब्या ओतून प्रियदर्शनीने ते पांढरं वाहून जाऊ दिलं.

तेवढ्यात बेल वाजली. वासंती सिस्टर होत्या. तिसऱ्या आठवड्याची घरभेट त्यांच्या वहीत होतीच. त्यांनी चपला काढल्या, बाळाला पाहिलं, मग प्रियदर्शनीच्या ओल्या ब्लाउजकडे पाहिलं.

"हे काय?"

"दूध."

"ते दिसतंय. ताक नाही हे मला कळतं. एवढं वाहतंय आणि पोर हाडकलीये? पाजा बरं माझ्यासमोर."

प्रियदर्शनीने पोरीला उजवीकडे घेतलं. चार घोट, मग मान पडली. "आता तिकडे घ्या," सिस्टर म्हणाल्या.

"तिकडचं तिचं नाहीये."

सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. प्रियदर्शनीने सगळं सांगितलं. वाटणी, उष्टं, कोरफड, दिग्रस, रविवारची गाडी. सांगता सांगता आपण काय करून बसलो ते तिला स्वतःच्याच तोंडून ऐकू येत होतं, तरी ती थांबली नाही.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "सातबाराही काढून ठेवला असेल. अहो, हे काय शेत आहे का, दोन भावंडांत बांध घालायला? आणि उष्टं म्हणता. पोटुशी असताना मोठा पीत होता ना? मग ही नऊ महिने त्याच्याच उष्ट्यावर वाढली. तेव्हा दोन सातशे भरली, आणि वाटणी केल्यावर उतरली."

प्रियदर्शनीने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं.

"कोरफड धुवा. साबणाने नको, कोमट पाण्याने. मोठा आला की त्याला आधी डावीकडे लावा. गाठ तोच मोकळी करील, त्याच्याएवढा पंप बाजारात मिळत नाही. धार सुरू झाली की त्याला सोडवा आणि हिला तिथेच लावा. हिला ओढायचे कष्ट नकोत, नुसतं गिळू दे. मग त्याला उजवीकडे, तिकडेही येऊ लागेल. एरवी पहिला मान हिचा, मग त्याचा. बाजू बदलत राहायची. ताप वाढला तर लगेच दवाखान्यात या, अंगावर काढू नका." चपला घालताना त्या थांबल्या. "सासूबाईंशी मी बोलू?"

"नको," प्रियदर्शनी म्हणाली. "आज नको. आधी वजन वाढू दे."

दुपारी गोदाबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या. आतल्या खोलीचं दार लोटून प्रियदर्शनी खाटेवर बसली. अभिनव दाराशीच उभा होता, गालावरचा लाल डाग अजून पुरता गेलेला नव्हता. तिने हात पुढे केले. तो जवळ आला, पण मांडीवर चढेना.

"बाऊ गेला?"

"गेला रे बाळा. तू फुंकर घातलीस ना, गेला."

त्याने आधी जिभेचं टोक लावून पाहिलं. मग डोळे मिटले. पहिल्या ओढीला तिच्या तोंडून किंकाळी निघाली ती तिने पदरात दाबली. गाठ हळूहळू सुटत गेली आणि धार लागली. आता त्याला सोडवायचं, हे सगळ्यात कठीण होतं. दोन दिवसांच्या उपाशी पोराच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं. "अभि, बाळाला देऊ? थोडं? मग तुला तिकडचं." त्याने डोळे उघडले. बाळाकडे पाहिलं. कोणास ठाऊक त्याला काय कळलं. तोंड सोडलं आणि आईच्या दंडाला गाल लावून बसला.

पोरीला लावलं. तिला ठसका लागला, दूध नाकात गेलं, ती दचकली आणि तिने पुन्हा धरलं. मग प्रियदर्शनीने तो आवाज ऐकला. गट्, गट्. सतरा-अठरा दिवसांत या पोरीच्या घशातून हा आवाज आला नव्हता. ती श्वास रोखून मोजत राहिली, आणि पन्नासच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

गुरुवार, शुक्रवार असं चोरून चाललं. पाजायच्या आधी धुवायचं, पाजून झाल्यावर सासूबाईंना दिसावा म्हणून गराचा एक फराटा लावायचा. अंगातला ताप उतरत होता, पण अभिनवचे दात टोचले की तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटायचं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचीच लाज वाटायची. दोघं दोन बाजूंना लागले की तिला श्वास घ्यायला जागा उरत नसे. तरी ती बसून राहायची. अभिनव आजीला जाऊन सांगायचा, "बाल मम. मी मम." आजी म्हणायची, "हो रे, आता बाळानंच प्याचं."

शुक्रवारी संध्याकाळी कुसुमचा फोन आला. कुसुम म्हणजे दिग्विजयची थोरली बहीण, नांदते अमरावतीला. ती लहानपणापासून आर्णीला मामाकडे वाढली, आणि मामाच्या घरी सगळे हाक मारत तशी सख्ख्या आईला गोदाबाई म्हणायची. घरात त्याची थट्टा चालायची. "गोदाबाई, कधी निघता मग?" तिने विचारलं, आणि गोदाबाईंनी रविवारची गाडी सांगितली.

शनिवारी दिग्विजयने अर्धी सुट्टी टाकली आणि सगळेच दवाखान्यात गेले. पोर काट्यावर ठेवली. आज तिचं रडणं बाहेरच्या बाकांपर्यंत पोहोचलं. आकडे नाचले, थांबले. दोन किलो पाचशे तीस.

"वाढलंय," वासंती सिस्टर म्हणाल्या आणि प्रियदर्शनीकडे न पाहता कार्ड भरू लागल्या. "काटा तोच आहे."

प्रियदर्शनीने पोरीला काट्यावरून उचललं. वाचलो, तिला वाटलं. पोर दाखल होणार नाही, पोरगा जाणार नाही.

बाहेर व्हरांड्यात गोदाबाईंनी नातीची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. चेहरा आनंदाने फुलून आलेला. "पाह्यलं का रे दिग्विजय? याचं तोडलं अन् तिच्या अंगाले लागलं. चारच दिवसांत! आता अर्ध्यावर नाई सोडत मी. उद्या याले नेतो अन् तिकडं पक्कंच करून टाकतो."

"हो ना," दिग्विजय म्हणाला. तोही हसत होता. "सीट आहेतच."

तेव्हा प्रियदर्शनीला कळलं की तिने लपवून जे कमावलं, तेच पोराच्या मुळावर आलं. गप्प राहिली तर अभिनव जातो. बोलली तर सासूबाई पुन्हा तिच्या हाताचं पाणी पितील की नाही कोण जाणे. बाकांवर दहा-बारा बायका पोरं घेऊन बसलेल्या. सहा वर्षांत कमावलेली पुण्याची मराठी तिच्या तोंडून गळून पडली.

"आई, त्याचं तुटलं नाई. तो पिते."

"कोण पिते?"

"अभिनव. परवापासून पिऊन राह्यला. डाव्या अंगाले, आधी तो, मंग त्याच ठिकाणी बाळ. त्याचं उष्टं पाजलं मी तिले. सात-सात वेळा. त्याच्यानंच वाढलं वजन. मी दहा दिवस तुमचं ऐकलं अन् पोर मरत होती माही." तिचा आवाज फाटला. "त्याले नेसान तर माहं दूधच घेऊन जासान. मंग हिलेबी घेऊन जा. मी राह्यतो रिकामी."

दिग्विजय "अगं, हळू" म्हणाला. गोदाबाईंचा चेहरा काळवंडला. त्यांनी नात प्रियदर्शनीच्या हातात दिली आणि एकट्याच रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या. घरी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळीही नाही. प्रियदर्शनीने ताट नेऊन ठेवलं, ते तसंच परत आलं. रविवारी सकाळी त्यांनी बॅग भरायला घेतली आणि अभिनवची दोन झबली, चड्ड्या, त्याचा कापडी हत्ती, सगळं खाटेवर काढून मांडलं. प्रियदर्शनी दारात दोन्ही लेकरांना घेऊन उभी राहिली. आज हिसकावून न्यायची वेळ आली तर काय करायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. फक्त दारातून हलायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

फोन वाजला. गोदाबाईंना कानाशी धरून ऐकू येत नसे, त्या नेहमी स्पीकरवरच बोलायच्या.

"गोदाबाई, निघाल्या का?" कुसुम विचारत होती. "अभिनवले घेऊन इकडं येऊन राह्यल्या ना?"

गोदाबाईंनी हातातल्या झबल्याची घडी घातली. मग मोडली. पुन्हा घातली.

"नाई," त्या म्हणाल्या. "मी एकटी येऊन राह्यलो. पोरगा दूध पिते अजून."

त्यांनी घडी घातलेलं झबलं मांडीवर ठेवलं.

"तुलेबी मी आठच दिवसांसाठी धाडलं होतं व, कुसुम. दिग्विजय झाला तवा. तुहं दूध तोडाले. आठ दिवसांनी न्याले आलो, तं तू मामीच्या मागं जाऊन लपली. मले पाहून रडली. मंग मामा म्हणे, राहू दे." त्या झबल्याकडे बघून बोलत होत्या. "याले नाई नेत मी."

"बरं केलं," कुसुम म्हणाली. मग म्हणाली, "सांभाळून ये."

ये. 'या' नाही. गोदाबाई फोन बंद झाल्यावरही त्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी अभिनवचे कपडे एकेक उचलून परत कपाटात ठेवले आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "उभी काऊन राह्यली? बस. पाज दोघायले."